पुनर्नवा-गोखरूचा काढा आणि वाढलेलं क्रिएटिनिन

प्रश्न असा आला आहे: वडील 62 वर्षांचे. मधुमेह 12 वर्षांपासून, बीपीही आहे. सध्या क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) 2.1, पोटॅशियम 4.9. संध्याकाळी पाय सुजतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन व ॲम्लोडिपिन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. नात्यातल्या एकांनी पुनर्नवा आणि गोखरूचा काढा सुचवला आहे, त्यांचं क्रिएटिनिन त्याने तीन महिन्यांत 3 वरून 1.8 झालं म्हणतात. सिंधुदुर्गातल्या घराच्या परसात बिंबलीचं झाड आहे, तिच्या आंबट फळांचा रस कोलेस्ट्रॉलवर देतात असंही ऐकलंय. यातलं काय द्यावं, किती द्यावं?

बिंबलीचा रस अजिबात देऊ नका, आजपासूनच. त्याचं कारण शेवटी सविस्तर देतो. काढ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण क्रिएटिनिन खाली आणायचं म्हणून तो देत असाल तर देऊ नका, कारण ते काम तो करतो असा भरवशाचा पुरावा नाही. सूज उतरवायला म्हणून विचार करत असाल, तर आधी सूज कशाची आहे ते ठरवावं लागेल. ते न ठरवता काढा दिला तर नुकसान व्हायची वाट उघडते.

आधी काढा काय करतो ते बघू. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला पसरते, कोवळी असताना तिची भाजी करतात. गोखरू म्हणजे सराटा, ज्याचे काटे चपलेतून टाचेत घुसतात. आयुर्वेदात पुनर्नवा सुजेवर आणि गोखरू लघवीच्या तक्रारींवर शतकानुशतके वापरात आहे आणि दोन्ही वनस्पती लघवीचं प्रमाण थोडंफार वाढवतात, हे मान्य करायला हरकत नाही. पण लघवी वाढणं आणि किडनी सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडनीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात, आणि गाळलेल्या पाण्यातून हवं ते परत शोषून घेणाऱ्या नलिका असतात. लघवी वाढवणारी औषधं, मग ती झाडपाल्याची असोत की फ्युरोसेमाइडसारखी गोळी असो, मुख्यतः नलिकांवर काम करतात: मीठ-पाणी परत शोषू देत नाहीत. ज्या गाळण्या मधुमेहाने जाड होऊन बुजल्या, त्या त्यामुळे उघडत नाहीत. फ्युरोसेमाइडने पायाची सूज उतरली म्हणून कोणी किडनी बरी झाली असं म्हणत नाही. काढ्यालाही तोच न्याय लावा.

आता तुमच्या वडिलांच्या सुजेबद्दल. ते ॲम्लोडिपिन घेतात. या गोळीने घोट्याभोवती सूज येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः डोस 5 वरून 10 मिलिग्रॅम केल्यावर. ही सूज पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते, अंगात पाणी जास्त झाल्याने नव्हे. म्हणून तिच्यावर लघवी वाढवणारं काहीही दिलं तरी ती फारशी उतरत नाही. उलट अंगातलं मीठ-पाणी कमी होऊन क्रिएटिनिन वाढतं. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि सूज कधीपासून दिसू लागली, या तीन तारखा एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच घरांत उत्तर तिथेच सापडतं आणि गोळी बदलली की काम होतं. सूज सकाळी उठल्यावरही डोळ्यांखाली असेल, लघवीला फेस येत असेल, झोपताना दम लागत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. मग लघवीतलं प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन आणि हृदयाचा इको पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट प्रोस्टेटची. बासष्टीच्या पुरुषात लघवीची धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठणं, लघवी झाली तरी मोकळं न वाटणं ही लक्षणं असतील तर काढ्याच्या आधी सोनोग्राफी करा. त्यात लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते मुद्दाम मोजायला सांगा, कारण सांगितलं नाही तर अनेकदा ते मोजलं जात नाही. 150-200 मिलिलिटर शिल्लक राहत असेल तर पुढची वाट अडलेली असण्याची दाट शक्यता असते. वाट अडलेली असताना मागून लघवी वाढवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतणं. मागे दाब वाढतो, तो किडनीपर्यंत पोचतो. दुर्दैवाने गोखरू नेमका 'लघवी अडते' या तक्रारीवरच दिला जातो.

आता क्रिएटिनिनच्या आकड्याबद्दल, कारण घराघरांत सगळी चर्चा त्याच एका आकड्याभोवती फिरते.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातला आकडा दोन बाजूंवर अवलंबून असतो: किती तयार झालं आणि किती बाहेर गेलं. त्यावरून वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढतात. 2021 च्या सूत्राने 62 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.0 असेल तर ईजीएफआर सुमारे 85 येतो, 1.4 असेल तर 57, आणि 2.1 असेल तर 35. 2.5 झालं तर 28. म्हणजे 1.0 वरून 1.4 होताना 28 अंश गेले, तेव्हा घरात कोणी लक्षही दिलं नसेल. 2.1 वरून 2.5 होताना 7 जातात आणि सगळे धास्तावतात. खरं मोठं नुकसान आकडा 'थोडासाच वाढलेला' असतानाच झालेलं असतं. तुमच्या वडिलांची गेल्या चार-पाच वर्षांतली जुनी रिपोर्टं शोधून तारखेप्रमाणे मांडा. उतार मंद आहे की गेल्या सहा महिन्यांत अचानक आला, हे त्यातून कळेल, आणि उपचाराची दिशा बरीचशी त्यावरच ठरते.

किडनी आहे तशीच असताना हा आकडा काय काय कारणांनी हलतो ते बघा. एकाच माणसाचं 2.1 हे दोन आठवड्यांनी 1.9 किंवा 2.3 येऊ शकतं. आदल्या रात्री मटण खाल्लं तर सकाळी वाढलेलं दिसतं. लॅब बदलली आणि तपासणीची पद्धत बदलली तरी फरक पडतो. जुनी जॅफे पद्धत आणि एन्झाइमॅटिक पद्धत यांचे आकडे जुळतीलच असं नाही. आणि सर्वांत फसवं कारण म्हणजे स्नायू झिजणं. काढा सुरू करताना घरचे बहुतेक वेळा मटण, मासे, अंडी, कधी डाळसुद्धा बंद करतात. माणूस तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरतो, मांड्या-दंड बारीक होतात, क्रिएटिनिन तयारच कमी होतं आणि रिपोर्टात आकडा खाली येतो. घरात पेढे वाटले जातात. किडनी मात्र होती तिथेच असते, आणि माणूस अशक्त झालेला असतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही तपासणी उपयोगी पडते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. क्रिएटिनिन उतरलं आणि सिस्टॅटिन-सी जागचं हललं नाही, तर सुधारणा झालेली नाही असं समजा.

उलटंही घडतं. किडनी खरोखर वाचवणारी औषधं सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढवतात. टेल्मिसार्टन आणि मधुमेहाचं औषध डापाग्लिफ्लोझिन ही त्यांची ठळक उदाहरणं. ती गाळण्यांमधला जादा दाब कमी करतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आकडा थोडा वर जातो आणि पुढच्या काही वर्षांत किडनी जास्त टिकते. टेल्मिसार्टनसारख्या औषधाने 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही मान्य करतो, पोटॅशियम ठीक असेल तर. ज्या घरात फक्त आकडा बघतात तिथे नेमकी हीच गोळी 'किडनीवर पडते' म्हणून बंद होते आणि आकडा खाली आणणारा काढा सुरू होतो. असं करू नका, ही कळकळीची विनंती आहे. काढ्याच्या विषयात सगळ्यांत जास्त नुकसान काढ्याने होत नाही, ते त्याच्यासाठी बंद केलेल्या गोळ्यांमुळे होतं.

नातेवाइकांचं 3 वरून 1.8 झालं हे खोटं असेल असं नाही. पण दीर्घकाळच्या मधुमेही किडनीत असं सहसा होत नाही. एवढी घसरण दिसते तेव्हा वरून एखादा तात्पुरता घाव बसलेला असतो: जुलाब-उलट्या, तापात न पिणं, लघवीचा जंतुसंसर्ग, गुडघ्यासाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, अडकलेला खडा. तो घाव भरला की आकडा आपोआप खाली येतो, साधारण काही आठवडे ते तीन महिन्यांत. त्याच काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. त्यांना विचारा, त्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या का. बरेचदा उत्तर 'हो' येतं.

आता काढ्यातला खरा धोका, पोटॅशियम.

किडनी कमजोर असलेल्या आणि पोटॅशियम चढणाऱ्या रुग्णाला आहारतज्ज्ञ काय सांगतात ते आठवा. बटाटा, पालेभाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. कारण पोटॅशियम पाण्यात विरघळतं, उकळल्यावर निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरतं. आता काढा कसा होतो ते पाहा. शास्त्रोक्त रीतीने भरडीच्या 16 पट पाणी घालून ते आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं, घरगुती रीतीने पाव उरेपर्यंत. मग गाळून चोथा टाकायचा आणि पाणी प्यायचं. म्हणजे भाजीच्या बाबतीत जे पाणी मोरीत ओतायला सांगितलं, तेच पाणी इथे आटवून पेल्यात घेतलं जातं. आटवल्याने पाण्याची वाफ होते, पोटॅशियमची होत नाही. पुनर्नवेत तर पोटॅशियम नायट्रेट भरपूर असतं, आणि तिच्या लघवी वाढवण्याच्या गुणाचं श्रेय बरंचसं त्यालाच दिलं जातं. जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच कमजोर किडनीला भार होतो.

हा धोका किती मोठा, याचा नीट हिशोब करू, उगाच भीती नको. वाळलेल्या वनस्पतीत पोटॅशियम साधारण 1 ते 4 टक्के असतं. 10 ग्रॅम भरडीत 100 ते 400 मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं काढ्यात येतं. एका वेळच्या 10 ग्रॅमच्या काढ्याने निरोगी माणसाला काही होणार नाही. पण काढा एकटा येत नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदा काढा, 'किडनी धुवायला' कोथिंबिरीचा रस, उन्हाळा म्हणून शहाळं (300 मिलिलिटर पाण्यातच 600-700 मिलिग्रॅम), आणि बीपीसाठी कोणीतरी आणून दिलेलं कमी सोडियमचं मीठ, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. ही बेरीज दिवसाला दीड-दोन ग्रॅम जादा पोटॅशियमवर सहज जाते. दुसरीकडे टेल्मिसार्टन पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट अरुंद करतं आणि जुना मधुमेह ती आणखी अरुंद करतो. मधुमेहींमध्ये ईजीएफआर 35-40 असतानाच पोटॅशियम चढू लागतं, इतरांपेक्षा लवकर. वडिलांचं 4.9 म्हणजे उंबरठ्यावरच आहे.

पोटॅशियम चढल्याची लक्षणं उशिरा कळतात. पायांत जडपणा, उठताना मांड्यांत बळ नसणं, नाडी मंदावणं. अनेकदा काहीच जाणवत नाही आणि ईसीजीत टोकदार उंच लाटा दिसतात. 5.5 च्या वर गेलं की काढा, शहाळं, ते मीठ सगळं थांबवून डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. 6 च्या वर असेल तर ईसीजी लगेच. 6.5 म्हणजे दवाखान्यात दाखल व्हायचं, सकाळची वाट बघायची नाही. एक खबरदारी मात्र घ्या: रक्त घेताना सुई नीट लागली नाही किंवा नमुना लॅबला उशिरा पोचला तर रक्तपेशी फुटून आकडा खोटाच जास्त येतो. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' लिहिलंय का बघा. मोठा आकडा आला तर ईसीजी करतानाच नमुना पुन्हा द्या.

तयार औषधांचं काय? पुनर्नवासव किंवा पुनर्नवारिष्टात गूळ-साखर आणि आंबवल्याने आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, मधुमेहात ती बाटली कामाची नाही. श्वेत पर्पटी मुतखड्यावर आणि लघवीच्या जळजळीवर सर्रास दिली जाते. ती 16 भाग सोरा, 2 भाग तुरटी आणि 1 भाग नवसागर यांची बनते. सोरा म्हणजे शुद्ध पोटॅशियम नायट्रेट. 1 ग्रॅम पर्पटीतून 300 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम जातं. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने ती घेऊ नये. नावात 'क्षार' असलेली औषधं, यवक्षार वगैरे, बहुतेक वनस्पतींच्या राखेपासून केलेली असतात, त्यांचाही हाच प्रश्न. कुठल्याही पुडीची घटकद्रव्यं वाचताना सोरा, यवक्षार, पर्पटी ही नावं शोधा.

आणि बिननावाच्या पुड्या. लेबल नाही, परवाना क्रमांक नाही, 'गुप्त औषध' म्हणून कागदात बांधून दिलेल्या. त्यांत पारा, शिसं, कधी स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या किडनीतज्ज्ञांनी 2022 मध्ये दाखवलं, की पारा असलेली पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या आजाराचा एक ठरावीक प्रकार आढळतो. त्यात लघवीतून प्रचंड प्रोटीन जातं आणि अंग सुजतं. दिलासा असा, की औषध थांबवल्यावर अनेकांचा आजार ओसरतो. म्हणून लघवीत अचानक प्रोटीन वाढलेल्या माणसाने घेतलेली प्रत्येक पुडी डॉक्टरांसमोर ठेवावी. रागावतील म्हणून लपवू नये.

वनस्पती ओळखण्यातही चूक होते. काष्ठौषधींच्या दुकानात पुनर्नवा मागितली की कधी कधी पांढरी पुनर्नवा मिळते, ती वेगळ्याच कुळातली. ताजं झाड हातात असेल तर ओळखणं सोपं आहे. खऱ्या घेटुळीला लांब, केसासारख्या बारीक देठांवर इवली गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि फळ बोटाला, धोतराला चिकटतं. पांढरीची पानं जाड, रसाळ असतात, फूल देठाशिवाय पानाच्या बेचक्यातच बसलेलं असतं. तिच्यात ऑक्सॅलेट, म्हणजे किडनीत स्फटिक बनवू शकणारं द्रव्य, बरंच असतं. वाळलेल्या मुळ्यांच्या तुकड्यांत हा फरक डोळ्यांना कळत नाही. अशा अदलाबदलीने काय होऊ शकतं याचं सर्वांत वाईट उदाहरण बेल्जियमचं आहे. ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या चिनी औषधात एका मुळीऐवजी सारख्या नावाची ॲरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि तरुण बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. 1993 मध्ये ते उघड झालं. पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्याच ॲरिस्टोलोकिया गटातली वनस्पती आपल्याकडे सापसंद या नावाने ओळखली जाते. ती पोटात घेऊ नये, कोणत्याही कारणासाठी.

गोखरूबाबत एक नोंद सांगण्यासारखी आहे. 2010 मध्ये इराणमधून एका 28 वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. मुतखडा होऊ नये म्हणून त्याने दोन दिवस रोज 2 लिटर गोखरूचं पाणी प्यायलं. त्याला झटके आले, यकृत आणि किडनी दोन्हीला इजा झाली. औषध थांबवल्यावर तो सुधारला. एका रुग्णावरून सगळ्यांचा निष्कर्ष निघत नाही, पण 'नैसर्गिक आहे, कितीही प्या' हे वाक्य किती घातक आहे ते त्यातून कळतं.

एवढं सगळं सांगूनही वडिलांचा आग्रह राहणार असेल, तर लपूनछपून घेण्यापेक्षा उघडपणे, मोजून घेणं बरं. मात्र काही परिस्थितींत आमचं उत्तर सरळ 'नाही' असतं: ईजीएफआर 30 च्या खाली, पोटॅशियम 5 च्या वर, डायलिसिस चालू, किडनी प्रत्यारोपण झालेलं (बसवलेली किडनी टिकवणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडलं तर ती किडनी जाऊ शकते), एकच किडनी, किंवा लिथियम अथवा डिगॉक्सिन चालू. तुमचे वडील या यादीत बसत नाहीत, पण पोटॅशियमच्या बाबतीत अगदी कडेला आहेत.

द्यायचाच तर असं करा. पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांना रिपोर्ट दाखवूनच, त्यांनी लिहिलेल्या मात्रेत. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम, यकृताच्या तपासण्या आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रोटीन जातं ते सांगणारं). भरड काट्यावर मोजायची, 'मूठभर' म्हणायचं नाही. दिवसातून एकदाच. शहाळं, कोथिंबिरीचा रस, कमी सोडियमचं मीठ त्या काळात पूर्ण बंद. आठव्या-दहाव्या दिवशी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा, त्याच लॅबमध्ये, आदल्या रात्री मांसाहार न करता. मग चार आठवड्यांनी परत. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन लिहायचं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं तर अंगातलं पाणी जरुरीपेक्षा जास्त गेलंय, थांबा. क्रिएटिनिन 0.3 ने वाढलं, पोटॅशियम 5.5 ला पोचलं, लघवी कमी झाली, मळमळ सुरू झाली, यांपैकी एकही झालं तरी थांबा. त्या महिन्यात दुसरं कोणतंही नवं औषध सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि टेल्मिसार्टन चालू असलेल्या माणसाला विरेचन किंवा एरंडेल देऊन पोट साफ करण्याच्या फंदात पडू नका. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीचा रक्तपुरवठा अचानक घसरतो. साधे जुलाब-उलट्या झाल्या तरी टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन एक-दोन दिवस थांबवायचं की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

काढ्याच्या नादात ज्या गोष्टी राहून जातात त्या आता. वडिलांचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तुम्ही लिहिलेलं नाही. ते 30 च्या खाली आहे की 300 च्या वर, यावर पुढचं भविष्य क्रिएटिनिनइतकंच अवलंबून आहे. ईजीएफआर 35 ला मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नको आणि 30 च्या खाली बंद. डापाग्लिफ्लोझिन त्यांना चालेल का हे विचारा. मधुमेही किडनीसाठी मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं ते औषध आहे, आणि ईजीएफआर 35 ला सुरू करता येतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण सगळं आलं. सैंधव वापरून काही साधत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. प्रोटीन किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास ठेवा, 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. डाळ पूर्ण बंद करू नका. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल, बाकी दुखण्याच्या गोळ्या नाहीत.

कुळथाबद्दलही विचारलं जाईलच, म्हणून दोन शब्द. मुतखडा असलेल्या, पण किडनी चांगली असलेल्या माणसाने कुळथाचं कढण प्यायला काही हरकत नाही. 5 मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतांशी स्वतःहून पडतात, आणि कढणाच्या निमित्ताने पाणी जास्त पोटात जातं हाही फायदाच. पण कुळथात 100 ग्रॅममागे 1 ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, त्यामुळे तुमच्या वडिलांसाठी कुळथाचं पाणी औषध म्हणून नको. आठवड्यातून एखाद्या वेळी कुळथाची पिठी खाल्ली तर बिघडत नाही.

आणि बिंबली. माशाच्या कढीत दोन-चार बिंबल्या पडणं किंवा जेवणात लोणच्याची एक फोड असणं वेगळं, आणि पिकलेल्या बिंबल्यांचा पेलाभर रस काढून उपाशीपोटी पिणं वेगळं. बिंबलीत विरघळणारं ऑक्सॅलेट प्रचंड असतं. रस काढला की ते एका पेल्यात गोळा होतं, रिकाम्या पोटी त्याला बांधून ठेवायला कॅल्शियम नसतं, ते सरळ रक्तात जातं आणि किडनीच्या नलिकांत कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक बनतात. नलिका आतून बुजतात. केरळमध्ये कोलेस्ट्रॉल कमी करायला हा रस पिण्याची पद्धत होती. तिथल्या पाच हॉस्पिटलांतल्या अशा 10 रुग्णांची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली: सगळ्यांच्या किडन्यांना अचानक मार बसला होता, आणि 7 जणांना डायलिसिस करावं लागलं. ज्यांची किडनी आधीच निम्म्याहून कमी उरली आहे त्यांना एवढं सोसायची ताकद नसते. कोलेस्ट्रॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी आहे, किडनीच्या आजारात ती तशीही द्यायचीच असते.

बिंबलीचं भावंड करंबळ, म्हणजे कमरक, आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं. त्यातही ऑक्सॅलेट आहेच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं विष आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी 2013 मध्ये ते ओळखलं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, कमजोर किडनीत ते साठतं. किडनीच्या रुग्णाने एखादं फळ खाल्लं तरी काही तासांत न थांबणारी उचकी लागते, मग बरळणं, झटके. वडिलांनी चुकून खाल्लं आणि उचकी थांबेना, तर घरगुती उपाय करत बसू नका. डायलिसिसची सोय असलेल्या हॉस्पिटलात त्याच रात्री न्या आणि दारातच सांगा की करंबळ खाल्लंय, कारण हे सांगितलं नाही तर उचकीवरून ते कोणाच्या चटकन लक्षात येत नाही.